बिनकड्यांचा ट्रेलर

फार वर्षांपूर्वी जत्रेतल्या खेळांच्या मशिनी आपली गाडी आपणच ठरवायच्या, तेव्हाची ही गोष्ट. चिमटी म्हणजे खेळणी उचलून देणारी काचेची पेटी. धुरळा म्हणजे मोटारशर्यतीचा खेळ, अंगानं नुसता रेडा. घाट उतरून पुढच्या जत्रेला जायचं होतं, आणि दोन बंद ट्रेलर समोर उभे होते.

जुना ट्रेलर खेकसला, "माझ्या तळाला कड्या आहेत. एकेकाला पट्ट्यांनी आवळून बांधणार. रडायचं नाही."

नवा लाडात म्हणाला, "माझ्यात कड्या-बिड्या काही नाहीत. गुळगुळीत तळ आहे. मोकळे बसा, राजे!"

"ए म्हाताऱ्या, आम्ही काय गुरं आहोत का बांधायला?" धुरळा जुन्याला हसला. "पट्ट्यांनी माझी चित्रं खरवडली, तर पोरं बघतील का माझ्याकडे?"

चिमटीला जुन्यातच बसायचं होतं. पण जत्रेची रीत अशी, की ज्याच्यापुढे सगळ्यात लांब रांग लागते, त्याचाच शब्द चालायचा, आणि ती रांग नेहमी धुरळ्यापुढेच लागायची. त्यात आणखी भित्री म्हणतील, म्हणून ती गुपचूप नव्यात चढली.

पहिल्याच वळणाला धुरळा घसरला आणि अख्ख्या वजनानिशी तिच्यावर आला. काच फुटली. आतल्या बाहुल्या चेंगरल्या.

"धुरळ्या, सरक ना रे," ती कण्हली.

"आईशप्पथ चिमटे, मुद्दाम नाही केलं गं!"

"माहितीये. पण सरक."

"कशाला धरून सरकू?" धुरळा रडकुंडीला आला. "इथं धरायला काहीच नाही."

घाटाची अजून सतरा वळणं बाकी होती.