दगडाला नमस्कार

सात डिसेंबर. सकाळी दाट धुकं, नऊनंतर कोवळं ऊन. गाडीचे भाग आपसांत बोलत असत, त्या काळची ही तारीख आहे.

एक जीप डोंगरावरच्या शाळेसाठी झाकणाच्या पातेल्यात अंडी घेऊन निघाली. वर पोरं उकडलेल्या अंड्यांची वाट बघत होती. वाट दगडांची होती. दगड आला, की चाकावरचा लोखंडी पानांचा कमानपाटा वाकायचा, धक्का पोटात घ्यायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा.

पुढचा बंपर म्हणाला, “पाटेराव, दिसेल त्या दगडाला नमस्कार घालता. गावदेव समजता काय त्यांना?”

“वाकलो नाही तर अंडी फुटतील, दादा.”

“मला बघा. आजवर कुणापुढे वाकलो नाही.”

“काका, त्यांचं ऐकू नका,” पातेल्यातून एक अंडं म्हणालं. “ते लोखंडाचे आहेत, आम्ही नाही.”

पण टोमणा लागला होता. पुढच्या दगडाला पाट्याने आपली पानं ताठ आवळून धरली. जीप उडाली. ड्रायव्हर धोंडूमामांची टोपी छताला लागून मागे पडली.

“आता कसे शोभता,” बंपर म्हणाला.

त्यापुढचा दगड मोठा होता. कडकन आवाज झाला, जीपचं नाक खाली बसलं आणि बंपर थेट दगडावर आपटला.

पाट्याचं एक पान मोडलं. बंपर मधोमध वाकला. शाळेत त्या दिवशी भुर्जी झाली.