चिमूट कुणाची?

एक होतं जंगल. अजून आहे, पण पत्ता विचारू नका. मला तिथंच राहायचंय.

त्या जंगलात सगळ्यांचे दात किडायचे. कुणी दखल घेतली नाही. मग वाघमहाराजांचा सुळा हलायला लागला आणि तो जनतेचा प्रश्न झाला.

वैद्य होते साळिंदर, काटेबुवा. ते म्हणाले, "महाराज, टेकडीवरच्या पांढऱ्या मातीत गुण आहे. तळ्यात रोज एक चिमूट टाका, दात टिकतील. जास्त झाली तर मात्र हाडाला लागते, गुडघे आखडतात."

फर्मान निघालं: रोज एक चिमूट. ठेका मिळाला दंतोजीराव हत्तींना. आता चिमूट कुणाची, हे फर्मानात नव्हतं. दंतोजीराव सोंडेनं चिमूट घ्यायचे. एका चिमटीत घमेलं भरायचं.

दात खरंच चकाकले. महाराजांचा सुळा घट्ट बसला. "हसरा दात, राजाची साथ!" अशा घोषणा घुमल्या.

दोन पावसाळ्यांत सोनखुरी हरिणीचं पाडस उठताना कण्हायला लागलं. ती लंगडतच दरबारात आली. "बुवा, पोराला उडी मारता येत नाही हो. वाघ आला तर पळणार कसं?"

माकडं लगेच ओरडली, "माती म्हणजे विष! शेजारच्या जंगलाचा कट! बंद करा!"

"बंद नको रे बाबांनो," काटेबुवा म्हणाले. "माप बदला. चिमूट माझी धरा, हत्तीची नको."

मातीवाले म्हणाले, "जंगलद्रोही!" माकडं म्हणाली, "मातीचा दलाल!" दोघांनी मिळून बुवांचे काटे उपटले. त्या वर्षी एकमतानं झालेलं तेवढं एकच काम.

महाराज उदार. म्हणाले, "जनताच ठरवेल. मतदान घ्या. टेकडीच्या माथ्यावर."

ज्यांचे गुडघे शाबूत होते ते वर पोचले. मातीच्या विरोधात पडली फक्त माकडांची मतं, तीही झाडावरून टाकली म्हणून बाद. दंतोजीरावांना आणखी एक तळं मिळालं.

सोनखुरी तेव्हा अर्ध्या चढावर होती, पाडसाला कपाळानं पुढं ढकलत. "चल रे राजा, थोडंच राहिलंय. आपलं मत द्यायचंय ना."

निकाल लागल्यावर महाराज टेकडी उतरायला लागले. एकटेच, पायी, भुकेल्या पोटी.

दुसऱ्या दिवशीच्या सरकारी पत्रकात छापून आलं: जे मतदानाला पोचू शकले नाहीत, त्यांच्यापर्यंत महाराज स्वतः पोचले.