न थांबणारी पट्टी

“म्हणजे काकू, सात वर्षं तुम्ही साखर तोंडात घातली नाही?”

निनाद पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे धरून उभा होता.

मी मान हलवली. आमच्या मठात कृष्णाईची पोथी होती. दोनशे वर्षांपूर्वी कृष्णाई नावाच्या बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेली, तीनशे बारा पानांची. धाकट्या लेकीला दिवस राहिले तेव्हा मी दत्तासमोर पाणी सोडून बोलले होते, ती सुखरूप सुटली तर रोज एक पान ऐकेन, आणि पोथी पुरी होईपर्यंत गोडाला शिवणार नाही. धाकटी सुखरूप सुटली. नात झाली. एकशे चाळीस पानं ऐकून झाली, आणि नदी मठात शिरली.

पोथीचा लगदा झाला.

“मग नवस संपला की,” निनाद म्हणाला. “पोथीच नाही, तर पुढचं पान कुठलं?”

“संपला कसा? अर्ध्यावर आहे.”

“अर्ध्यावर नाही. एकशे चाळीस भागिले तीनशे बारा… पंचेचाळीस टक्क्यांहून जरासं कमी.”

ओसरीवरून नागेशबुवा हसले.

बुवा आता मठाची पूजाअर्चा बघतात. त्याआधी तीस वर्षं ते तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायचे. निनाद त्यांचा विद्यार्थी. पुण्यात मोठ्या हुद्द्यावर गेला, तरी त्यांना अजून सरच म्हणतो.

पुराच्या आधी बुवांनी पोथीच्या पानापानाचे फोटो काढून एका हार्ड डिस्कवर ठेवले होते. पुराच्या धांदलीत ती डिस्क कुठे गेली, कुणालाच कळलं नाही. मागच्या महिन्यात मठाचा माळा झाडताना मला एक पत्र्याचा डबा सापडला. आत समईचे जुने भाग, आणि त्यांच्या तळाशी ती.

डबा घेऊन मी जिना कशी उतरले, मला आठवत नाही.

बुवांनी डिस्क लावून पाहिली. ती खरखरली, तीनशे बारा फोटोंची नावं दाखवली आणि गप्प झाली.

“एकदा वाचू देईल,” बुवा म्हणाले. “दत्ताच्या मनात असेल तर दोनदा.”

म्हणून निनादला बोलावलं होतं.

“तू काय बनवलं आहेस म्हणे?” बुवांनी त्याला विचारलं.

निनाद तेवढ्याचीच वाट बघत होता. त्याने लॅपटॉप उघडला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं.

“तयार कोडची लायब्ररी आहे, सर. अशा काळ्या पडद्यावर चौकट उघडते, चौकटीत पट्टी भरत जाते. काम किती झालं ते बसल्या जागी कळतं. ज्याला हवी त्याने आपल्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी टाकायच्या, की पट्टी आलीच. नऊ हजार जण वापरतात. आज संध्याकाळी नवी आवृत्ती सोडतोय.”

“पट्टी तर मीही शिकवली होती तुम्हाला.”

“तुमची अडखळायची, सर. जरा चालली की उभी. माणूस घाबरतो हो. आमच्या मावशीने फोन अपडेट करताना पट्टी थांबली म्हणून मधेच बंद केला. फोन गेला कामातून. तेव्हाच मी ठरवलं.” तो जरा ताठ बसला. “माझी पट्टी थांबत नाही.”

“कधीच?”

“कधीच.”

बुवांनी पाट पुढे ओढला.

“लाव,” ते म्हणाले.

डिस्क पाटावर ठेवली. बुवांनी तिच्यावर तळवा टेकला, ताप बघावा तसा. निनादने बटण दाबलं.

आणि काय सांगू. पडद्याच्या मधोमध निळी चौकट उघडली. वर अक्षरं, ‘कृष्णाईची पोथी उतरत आहे’. खाली एक हिरवी पट्टी निघाली ती सरसर निघाली. बारा टक्के. एकोणीस. पंचवीस. सात वर्षं जे अडून बसलं होतं ते डोळ्यांसमोर वाहू लागलं. मी पदराचं टोक मुठीत धरून बघत होते.

“माझं पान कधी रे? एकशे एकेचाळीसावं?”

“पंचेचाळीसला, काकू. आलंच.”

“निनादा,” बुवा म्हणाले, “ही गप्प झाली.”

“कोण?”

“डिस्क. हाताला काही लागत नाही.”

“पट्टी चालतेय ना, सर.”

“हात सांगतोय…”

“सर, राग मानू नका, पण तुमचा हात आता पासष्टीचा झाला. पडद्यावर बघा की. एकेचाळीस.”

बुवांनी हात काढून घेतला.

पंचेचाळीस झाले. मी डोळे पुसले. साठ. ऐंशी. पट्टी एकदाही अडली नाही, एकदाही दमली नाही. शंभर झाले तशी चौकटीत अक्षरं उमटली, ‘पूर्ण’.

“घ्या काकू, आता तरी पेढा घ्या.”

माझा हात पुढे गेलासुद्धा.

“आधी त्यांचं पान दाखव,” बुवा म्हणाले.

निनादने यादी उघडली. खाली गेला. वर आला. पुन्हा खाली गेला.

यादीतलं शेवटचं पान एकशे सतरावं होतं.

 न राहवून मीच विचारलं, “अरे, काम तिथे थांबलं होतं, तर मग पट्टी कशाच्या जिवावर चालत होती?”

निनादने माझ्याकडे बघितलं नाही.

“घड्याळाच्या, काकू. सुरुवातीला काम कुठल्या वेगाने होतंय ते ती बघते. त्यावरून एकूण किती वेळ लागेल ते धरते. मग… चालत राहते. मधे काम रेंगाळलं तरी माणसाला कळू नये म्हणून.”

“आणि काम मेलं तर?” बुवांनी विचारलं.

“तरी… कळू नये.”

तो उठला, अंगणात गेला, परत आला.

“सर, तुमचा जुना प्रोग्रॅम असेल ना? तो लावू. माझी काढून टाकतो.”

“नको. तुझीच लाव.”

“ती खोटं बोलते, सर.”

“तुझ्याकडूनच शिकली ना? मग आता दुसरं काही शिकव.”

डिस्क गार होऊ द्यायची होती. बुवांनी नैवेद्य दाखवला. मी पानं वाढली. निनाद जेवायला उठलाच नाही. त्याच्या पानातली भाजी निवली, वरणावर साय धरली. बुवा मागच्या दाराशी हात धुताना म्हणाले, “नवीन किती ओळी लिहिल्यास?”

“एकच, सर. चाळीस काढल्या.”

“ती एक काय करते?”

“एक पान उतरलं, की ते उतरलेलं पुन्हा वाचून मूळ पानाशी ताडायचं. जुळलं तरच पट्टीने एक पाऊल टाकायचं. नाही तर नाही.”

“हं.”

“सर, ही शेवटची खेप ना?”

 बुवांनी डिस्क पुन्हा पाटावर ठेवली. या खेपेला तिच्यावर हात ठेवला नाही.

पहिली एकशे सतरा पानं हातात होती, म्हणून तिथून पुढे सुरू करायचं ठरलं. निळी चौकट उघडली. पट्टी सदतीस टक्क्यांवर उमटली आणि उभी राहिली.

एक मिनिट गेलं.

दोन गेली.

निनादचा पाय हलायला लागला. मी दत्ताचं नाव घ्यायला लागले, ते किती वेळा घेतलं त्याचीही शुद्ध राहिली नाही. पट्टी सदतीसवर. पाच मिनिटं. ती पट्टी म्हणजे भिंतीवरचा रंगाचा फराटा वाटायला लागली.

“अडकली,” निनाद म्हणाला.

बुवा पाटाजवळ सरकले.

“सर, ही अशीच ठेवली तर तापून जळेल. सगळंच जाईल. बंद करून बघू?”

बुवांचे डोळे डिस्कवरच होते.

“मी बंद करतो.”

त्याचं बोट बटणावर गेलं. बुवांनी त्याचं मनगट धरलं, तो हात बटणावरून उचलला आणि तळव्यासकट डिस्कवर ठेवला.

निनाद ओरडणार होता बहुतेक. तोंड उघडलं होतं त्याने. मग ते तसंच राहिलं.

“धडधडतेय,” तो हळूच म्हणाला.

बुवांनी त्याचं मनगट सोडलं. निनादने हात काढला नाही. त्याने पडद्याकडे बघणंही सोडून दिलं. मान खाली घालून, सगळा जीव तळव्यात आणून तो बसला होता.

“पुन्हा पुन्हा त्याच पानावर येतेय, सर. येते, चुकते, मागे जाते, परत येते… काकू, या. हात ठेवा.”

मीही ठेवला. आत काहीतरी बारीक टकटकत होतं, जरा थांबत होतं, पुन्हा टकटकत होतं. कृष्णाईने बोरू टोकदार करून लिहिलेलं एक एक अक्षर कुणीतरी आत अंधारात चाचपून वाचत होतं. मला रडू आलं आणि हसूही आलं.

“हललं,” बुवा म्हणाले.

आम्ही दोघांनी एकदम वर बघितलं. एकशे अठरावं पान उतरलं होतं.

मग एकशे एकोणीस. मग वीस, एकवीस, बावीस एका दमात. मग पुन्हा उभी.  निनादने फक्त आपला हात डिस्कवर नीट टेकवला. सव्वीस. तीस.  चाळीस. एकेचाळीस.

“काकू…”

“कळलं रे. बघतेय मी.”

दोनशेपर्यंत यायला अर्धा तास लागला. अडीचशेपर्यंत आणखी एक तास. पट्टी चालायची कमी, उभी राहायची जास्त. आम्ही आळीपाळीने डिस्कला वारा घातला, आधी बुवांच्या पंच्याने, मग माझ्या हातातल्या सुपाने. निनाद मधेच म्हणाला, “पुण्यात हे कुणाला सांगितलं तर माझी नोकरी जाईल,” आणि एकटाच हसत सुटला. तीनशे अकरावर ती जी उभी राहिली, ती मला वाटलं आता नाहीच. निनादच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला, तो त्याने पुसला नाही.

मग तीनशे बारा.

डिस्कने एक लांब खरखर केली आणि ती थंडावली. पुन्हा लावून पाहिली, लागली नाही.

चौकटीत अक्षरं आली होती, ‘पूर्ण’. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. निनादने एकेक पान उघडून बुवांना दाखवलं. सगळी होती. एकशे एकेचाळीसावं माझ्यापुढे आलं. काळसर कागद, उजव्या कडेला पाण्याचा जुना डाग, आणि ते ठाशीव, बसकं अक्षर. बुवांनी ते मला तिथल्या तिथे वाचून दाखवलं.

निनादने पुडा उघडला. “आता घ्या, काकू.”

“अजून एकशे एकाहत्तर पानं आहेत, बाळा. रोज एक.”

“सलग वाचून टाकली तर? आज रात्रीत होतील.”

“नको रे. रोज एकच बोलले होते.”

त्याने पुडा मुकाट्याने बांधला.

दिवेलागणीला तो पुन्हा लॅपटॉप मांडीवर घेऊन ओसरीवर बसला.  बुवा समईत तेल घालत होते.

“सर, नऊ हजार जण आहेत. मी ही आवृत्ती सोडली, की उद्यापासून त्यांच्या पट्ट्या मधेच उभ्या राहणार. मला शिव्या घालतील. म्हणतील, चांगली चालली होती, बिघडवून ठेवली. निम्मे सोडून जातील.”

“जातील.”

“जुनीच ठेवू?”

बुवांनी वात पुढे सारली. 

निनादने डोळे मिटले, उघडले, आणि बटण दाबलं.

“सोडली,” तो म्हणाला. त्याचा चेहरा असा होता की मला त्याची दृष्ट काढावीशी वाटली. “आता माहितीच्या पानावर एक ओळ लिहायला हवी, सर. पट्टी थांबली, तर वापरणाऱ्याने काय करायचं? तुम्ही सांगा. सोपं, कुणालाही कळेल असं.”

बुवांनी समई लावली. ज्योत स्थिर होईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले…

“लिही,” ते म्हणाले. “पट्टी थांबली, तर कृपा करून तुम्हीही थांबा.”