शाहिराने राखलेली जागा

एका बाजारपेठेच्या गावी एकदा एक वृद्ध शाहीर राहत होता. गाणी स्वतः रचायचा, स्वतःच गायचा. त्याच्या डफावर थाप पडली की चार गावांची माणसे हातातले काम टाकून धावत. ही गोष्ट घडली तेव्हा मात्र त्याचा आवाज गेला होता. घशातून कुजबुजीपलीकडे काही निघत नसे. वैद्यांनी सांगितले होते की येती दिवाळी दिसली तरी पुष्कळ.

त्याच्यापाशी पत्र्याची एक पेटी होती. दरवर्षीच्या जत्रेतले त्याचे गाणे कुणी ना कुणी टेप करून ठेवी. अशा एकेचाळीस कॅसेटी तीत जमल्या होत्या. ती पेटी त्याने आपल्या शिष्याच्या हवाली केली. शिष्य चाळिशीचा होता, गळ्याने बरा आणि निष्ठेने चोख.

"मी गेल्यावर यात जेवढं ऱ्हाईल तेवढाच मी," शाहीर म्हणाला. "नीट सांभाळ."

शहरातला एक व्यापारी हा संग्रह काढायला तयार झाला. त्याने चार कॅसेटी ऐकल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. "गाणं झकास आहे हो. पण हे मधेच गप्प का होतात? ऐकणाऱ्याला वाटेल, यंत्र बिघडलं."

व्यापारी खोटे बोलत नव्हता. शाहिरामागे झीलकरी उभा असतो. कडवे संपले की तो 'जी रं जी जी' अशी झील ओढतो आणि तेवढ्यात शाहीर दम घेतो. या शाहिराचा झीलकरी होता गेणबा. अठरा वर्षे तो साथीला उभा राहिला आणि एकोणिसाव्या वर्षी तापाने गेला. शाहिराने दुसरा झीलकरी घेतला नाही. कडवे संपले की तो झिलीएवढा वेळ नुसता उभा राही. डावीकडे हातभर जागा मोकळी ठेवी, आणि तिथे कुणी चुकून पाऊल टाकले तर डफ खाली ठेवी. लोक आधी हळहळले, मग कुजबुजले. पुढे पुढे तर बायाबापड्या त्या जागेवरून पोरांना जाऊ देईनात. शाहीर भुताला साथीला घेऊन गातो, असे उघड बोलले जाऊ लागले.

शिष्य आला तो गेणबा गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्याने उत्तम तेवढी दहा गाणी निवडली आणि त्यांतल्या साऱ्या शांतता कापून टाकल्या. त्याचा हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे मोठ्या माणसाचे उत्तम तेवढे निवडून बाकीचे झाकायची घाई वैऱ्यांपेक्षा भक्तांनाच अधिक असते.

तयार झालेला संग्रह त्याने गुरूला ऐकवला. कडव्याला कडवे चिकटत गेले. पाहता पाहता शाहिराचा हात गळ्याकडे गेला, चेहरा काळवंडला आणि तो खरोखरच धापा टाकू लागला. शिष्याने घाबरून टेप बंद केला.

"दम घ्यायला जागाच ठेवली न्हाईस रं," शाहीर कसाबसा म्हणाला.

"अण्णा, तिथं काहीच नव्हतं हो. नुसती शांतता."

"बरं. पेटी उघड. पहिल्यापासून लाव. एकबी वगळायची न्हाई."

"पण चौथ्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस संग्रह न्यायला येणार आहे."

"म्हंजे तीन दिस हायेत," असे म्हणून शाहिराने दाराला आतून कडी घातली.

पहिल्या वर्षीचा शाहीर ऐकून शिष्यालाच लाज वाटली. गळा कोवळा, यमके ओढूनताणून जुळवलेली आणि ऐट मात्र भारी. मागून गेणबाचा खरबरीत आवाज येई. झिलीच्या शेवटी तो एक हलकी उचल घेई, आणि शाहिराचे पुढचे कडवे नेमके त्या उचलीवरूनच सुरू होई. शिष्याने हे पूर्वी कधी ऐकले नव्हते, कारण जुन्या कॅसेटी त्याने दोन-दोन मिनिटांत बाजूला सारल्या होत्या. वर्षे सरत गेली तशी यमके सुधारली, ऐट गेली, गळा भरत आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकोणिसावी कॅसेट लागली. कडवे संपले आणि मागून काहीच आले नाही. पायरी आहे समजून पाऊल टाकावे आणि खाली पायरी नसावी, तसे शिष्याला झाले. हीच शांतता त्याने सहज कापली होती. आता त्याच्याने तिकडे कान लाववेना.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन होते. अडतिसावी कॅसेट चालू होती. कडवे संपले, आणि झील आली.

खरबरीत आवाज. जी रं जी जी. शिष्याच्या अंगावर सरसरून काटा आला. दाराला कडी होती. शाहिराचे ओठ मिटलेले होते, आणि डाव्या बाजूची हातभर जागा सोडून तो भिंतीला टेकून बसला होता. शिष्याने झडप घालून टेप बंद केला. चाक थांबले. झील थांबली नाही. ती पुरती झाली, शेवटची ती हलकी उचल घेतली, आणि मगच विरली.

तेव्हा कुठे शिष्याच्या ध्यानात आले की आपले तोंड उघडे आहे.

"अण्णा," तो म्हणाला, "मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्या गळ्यात कसे आले?"

शाहीर म्हणाला, "भ्यायचं न्हाई. तीन दिस तू त्याच्या शेजारी बसलास, म्हणून आला. निवडक धाच ऐकली असतीस तर माझा गळा कळला असता. सगळी ऐकलीस म्हणून कळलं, मी गात व्हतो कुणासंगं. ती जागा गेणबाची हाय. पर जो कुणी आमचं पहिल्यापासनं ऐकंल, त्यालाबी तिथं उभं ऱ्हायला जागा हाय. तेवीस वर्सं म्या ती राखली, आन् तू एका दिसात कापलीस."

शिष्य ढसाढसा रडला. शाहिराने डोळे मिटले, कुजबुजत एक ओळ म्हटली आणि थांबला. शिष्याने डोळे पुसून झील धरली.

चौथ्या दिवशी अख्खी पेटी व्यापाऱ्याकडे गेली, कच्च्या यमकांसह आणि साऱ्या शांततांसह. व्यापारी पुष्कळ कुरकुरला. अखेर त्याने वेष्टनावर छापले, 'मधली शांतता हा यंत्राचा दोष नव्हे.' शाहीर दिवाळीआधीच गेला.

पुढे एका दुपारी, पाहू तरी म्हणून, व्यापारी पेढीच्या आतल्या खोलीत पहिली कॅसेट लावून बसला. रोज दुपारी तो बसू लागला. एके दिवशी तो घाबराघुबरा होऊन बाहेर आला आणि म्हाताऱ्या दिवाणजींना म्हणाला, "आत कोण गायलं?"

दिवाणजी चष्म्यावरून पाहत म्हणाले, "शेठ, आत तुमच्यावाचून कोणी नाही."

व्यापारी मागे वळला. मग आत गेला, बसल्या जागेवरून हातभर उजवीकडे सरकला आणि त्याने पुढची कॅसेट लावली.