चुलीचं वैर

"मग काय, हात जोडून उभं राहायला पाहिजे होतं का मी?"

थोमाबाबांच्या अंगणात पाय टाकताच ओबेदनं हे विचारलं. ना सलाम, ना ख्यालीखुशाली.

बाबा वाडीतल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. अंबाडीची भाजी निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बस. ती काठी तिकडं कर, भाजी तुडवशील."

ओबेद बसला. काठी मात्र मांडीवर आडवी घेऊन.

आपण बरोबर आहोत असं माणसाला एकदा वाटलं, की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. ओबेदचं तसंच झालं होतं. गेल्या उन्हाळ्यात याच मंडळीतला नाथान दारू ढोसून त्याच्या गोठ्यात शिरला, शेळी सोडायला. हातात कोयता. ओबेदची बायको रिबका आवाज ऐकून पुढं झाली, तर नाथाननं तिच्यावर कोयता उगारला. ओबेदनं काठी घातली. नाथानचा पाय कायमचा गेला.

कोर्टानं ओबेदला सोडलं. वाडीनं पाठ थोपटली. देवळात वचन वाचायला आधीपासून तोच उभा राहायचा, आता जरा जास्तच खणखणीत वाचायला लागला.

सगळं नीट झालं होतं. फक्त घरात कोणी उरलं नव्हतं.

"उद्या प्रभुभोजन आहे," ओबेद म्हणाला. "भाकरीची पाळी माझ्या घरची आहे."

"ठाऊक आहे."

प्रभुभोजन म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एकच भाकर मोडून खायची; या मंडळीत त्याला विकतचा पाव चालत नाही. पाळीपाळीनं एकेका घरची ज्वारीची भाकर येते. आणि जिच्या घरची पाळी, तिनं नाहीतर तिच्या नवऱ्यानं आदल्या दिवशी पाळकासमोर उभं राहून एकच वाक्य बोलायचं: 'आमच्या चुलीचं कोणाशी वैर नाही.' मग पाळक 'आण' म्हणतात. जुनी रीत. कोणी घातली, कोणाला माहीत नाही. पण ते वाक्य बोलता येईना म्हणून दोन भाऊ आदल्या दिवशी एकमेकांच्या गळ्यात पडून रडलेले वाडीनं पाहिलेत.

ज्या घरची भाकर परत जाते, त्या घराकडं वाडी कशी पाठ फिरवते, हेही पाहिलंय.

"मग बोल की," बाबा म्हणाले.

ओबेदनं तोंड उघडलं... मिटलं.

"आधी तुम्ही सांगा. मी चुकलो नाही असं तुम्ही एकदा म्हणा, की बोलतो."

"कोर्टानं म्हटलं ना?"

"म्हटलं."

"मग?"

"कोर्टाचं वेगळं."

"खरंय," बाबा म्हणाले. "कोर्ट भाकर मागत नाही."

ओबेदला राग आला. वचनं त्याला तोंडपाठ. म्हणाला, "ज्याच्याजवळ तलवार नाही त्यानं आपलं वस्त्र विकून ती विकत घ्यावी, हे प्रभूचेच शब्द आहेत की नाहीत?"

"आहेत."

"झालं तर!"

"मग पेत्रानं ती तलवार काढली. काय तोडलं?"

"कान. महायाजकाच्या दासाचा."

"आणि प्रभूनं?"

"...कानाला हात लावून बरा केला."

"कान प्रभूनं बरा केला," बाबा म्हणाले आणि एक किडकं पान बाजूला टाकलं. "नाथानचा पाय?"

ओबेदनं मांडीवरची काठी फिरवली.

म्हणाला, "बोलायला काय जातंय बाबा. तुमच्यावर कोणी कोयता उगारला असता म्हणजे कळलं असतं."

"उगारला होता. त्या पलीकडच्या गावात. मी नवा होतो तेव्हा."

"मग? दुसरा गाल पुढं केलात?"

"पळालो."

ओबेदला हसू आवरेना. "पळालात?"

"चप्पल तिथंच टाकून. इकडं लोक म्हणाले, पाळकानं क्षमा केली. मी नाही म्हणालो नाही." बाबाही हसले. मग हसू उतरलं. "पळणं म्हणजे क्षमा नव्हे रे. पण तो माणूस दोन पायांवर घरी गेला, एवढंच."

"आणि माझी बायको? तिला तिथं टाकून पळू?"

"नाही."

"म्हणजे मारलं ते बरोबर?"

"कोयता कधी पडला त्याच्या हातातला?"

ओबेदची बोटं काठीवर आवळली.

"पहिल्याच फटक्याला," तो म्हणाला.

"पहिला फटका रिबकासाठी. त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. त्यानंतरचे कोणासाठी?"

शेजारच्या अंगणात कोणीतरी बादली आपटली. 

"तो खाली पडून ओरडत होता," ओबेदचा आवाज आला, बारीक, त्याचा नसल्यासारखा. "'ओबेददा' म्हणत होता. मला ऐकू येत होतं. ...रिबकालाही ऐकू येत होतं."

"कुठाय ती?"

"माहेरी. म्हणते, चोराची भीती त्या रात्रीच गेली." त्यानं काठी जवळ ओढली. "म्हणते, आता घरात तुमचीच भीती वाटते. दार लावून घेतो मी बाबा, कडी घालतो, काठी उशाला घेतो. आणि आत कोण? मी. राखणारा मी आणि राखायचाही मीच."

बाबांनी भाजी सुपात लोटली आणि उठले. चुलीत चिपाडं सारली. परात पुढ्यात ठेवली, पीठ काढलं, पाणी तापवलं.

"टाक भाकर."

"मी? मला कुठं येते?"

"रिबका यायची तोवर मंडळी थांबेल होय? टाक."

ओबेद परातीपुढं बसला. काठी सोडवेना, म्हणून गुडघ्यांत दाबून धरली. पीठ मळायला वाकला की काठी परातीला लागायची, परात सरकायची.

बाबा बघत होते. म्हणाले, "काठीही पीठ मळायची का?"

ओबेदनं काठी भिंतीला लावली.

पहिली भाकर थापतानाच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना घडी पडली. तो चिडला, गोळा आपटला. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पाण्याची वाटी जवळ सरकवली. तिसरी जमली. जमली म्हणजे एका कडेला जाड, मधे करपलेली, पण अख्खी.

ओबेद तिच्याकडं बघत राहिला. घाम पुसून उभा राहिला आणि देवळात उभा राहतो तसा ताठ झाला.

"आमच्या चुलीचं..."

पुढचं येईना.

कितीतरी अध्याय न अडखळता म्हणणारा माणूस. एवढंसं वाक्य, तेही अर्ध्यात.

"बोलवत नाही बाबा."

"नको बोलूस."

"मग भाकर परत नेऊ? उद्या सगळ्यांसमोर..."

बाबांनी स्वच्छ फडकं पसरलं. भाकर त्यात ठेवली. त्याचे दोन्ही हात धरून पुढं ओढले, तळवे उघडले आणि ती गरम भाकर त्यांच्यावर ठेवली.

"नाथानकडं ने. त्याला म्हण, पहिला तुकडा तू मोड. त्यानं मोडली, तर उरलेली उद्या आण."

"आणि नाही मोडली तर?"

"तर उद्या मंडळी भाकरीशिवाय बसेल. मीही बसेन."

ओबेदचं तोंड उतरलं. नाथानचं घर त्याला ठाऊक होतं. नाल्यापलीकडं, एकटंच. मोडक्या पायाचा माणूस दिवसभर उंबऱ्यात बसलेला असतो, आणि कोयता आजही त्याच्या दारामागं असतो, असं वाडीत बोललं जायचं. हा त्या वाटेनं त्या रात्रीपासून गेला नव्हता.

त्यानं भिंतीला लावलेल्या काठीकडं पाहिलं. दोन्ही हात भाकरीखाली अडकलेले.

अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला. तिथं थांबला. पाठमोराच विचारलं, लहान पोरानं विचारावं तसं.

"बाबा... आणि त्यानं कोयता उचलला तर?"

बाबा चुलीतला जाळ विझवत होते.

"भाकर खाली पडू देऊ नकोस."