पाचवी पायरी

कुणी म्हणून कुणी ठकूचं खरं मानलं नाही! जोगाईच्या डोंगरावर आलेल्या पाहुण्याला आधी हे ऐकावं लागतं, मग पाणी. हे खडकातलं टाकं आणि या त्यात उतरणाऱ्या पायऱ्या. इथली पोरं भागाकार इथंच शिकतात. पहिलीवर भाग लावायचा, दुसरीवर गुणायचं, तिसरीवर वजा करायचं, चौथीवर पुढचा आकडा खाली घ्यायचा. त्यात भाग जात नसेल, तर या अरुंद पाचवीवर थांबून शून्य म्हणायचं. मगच पुढचा आकडा.

असं सांगतात, एका वर्षी पाऊस फिरकलाच नाही. खालचे झरे आटले. वर सहा घरं आणि हे एक टाकं. काठी बुडवून अंदाज घेतला. पाणी भरलं सहाशे अठरा घागरी. हिशेब शिकलेला एकटा हिरोजी. त्यानं कोळशानं खडकावर मांडलं. सहात सहा एकदा. खाली आला एक. एकात सहा जाईना, म्हणून गड्यानं लगेच आठ खाली ओढला. अठरात सहा तीनदा. झालं! घरटी तेरा घागरी. वाट्याबाहेर थेंब घेणार नाही, म्हणून सगळ्यांनी जोगाईपुढं बेलभंडारा उचलून शपथ घेतली.

हिरोजीची थोरली बहीण ठकू टाक्यात डोकावली. "टाकं तुडुंब, आन् वाटा एवढुसा? डोळे फुटले का रं तुमचे?"

"तुला पाढे तरी येतात का गं?" म्हातारे हसले.

"अक्का, उरलेलं देवीचं," हिरोजी म्हणाला.

तेरा घागरी त्या उन्हात किती पुरणार? ठकूची लेक चंद्री तापानं फणफणली, पाणी पाणी करू लागली. ठकू घागर घेऊन धावली, तर भावानंच वाट अडवली. शपथ मोडली तर साऱ्यांवर कोप होईल, म्हणे. दिवस कलायच्या आत पोर गेली.

पोरीला माती देऊन ठकू थेट टाक्यात उतरली. घागर भरायची, एका घरी ओतायची, पुन्हा भरायची, दुसऱ्या घरी. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. सहाही घरचे रांजण भरले, हंडे भरले, तरी टाक्याचा तळ दिसेना. तेव्हा हिरोजी खडकाकडं पळाला. एक आणि तीन यांच्यामधली जागा रिकामी होती. त्यानं तिथं बोट टेकवलं.

"अक्का, मधलं शून्य राहिलं गं. तेरा नव्हे, एकशे तीन."

"माझी पोर गेली, आन् तू मला शून्य सांगतोस?"

त्यानं पाय धरले. तिनं त्याला लाथाडलं नाही, उठवलंही नाही. "छिन्नी घे," म्हणाली. "भागाकाराची एकेक पायरी खडकात खोद. पुन्हा कुणी घाईनं पुढं पळायला नको." केस पांढरे होईपर्यंत तो खोदत राहिला. ठकूनं त्याला भाऊबीजेला कधी ओवाळलं नाही.

लोकांनी पावसाला बोल लावला, देवीला लावला. ठकूनं नाही लावला. आजही एखादं पोर पाचवी पायरी न थांबता ओलांडतं, तेव्हा मोठी माणसं त्याला तिथंच धरतात आणि विचारतात, "चंद्रीचं पाणी कुणी तोडलं?" पोरानं मान खाली घालून एकच नाव घ्यायचं: हिरोजी.