पट्ट्याची हाक

रॉकी पर्वतात लांडगे बोटांवर मोजण्याइतके उरले होते, तेव्हाची गोष्ट. अभ्यासकांनी एका लांडगिणीच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांधला. "मी असताना तुला कसली भीती?" पट्टा ऐटीत म्हणायचा.

एकदा ती चोरट्या शिकाऱ्याच्या तारेच्या फासात अडकली. धडपडली, तशी तार पोटात आणखीच रुतली.

"अरे, बोलाव ना तुझ्या माणसांना!"

पट्टा चाचरला. "तू हलतेस तोवर मी 'सगळं ठीक' एवढंच कळवतो गं. बराच वेळ निपचित पडलीस, तरच हाक मारता येते."

लांडगीण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिली. खालचा बर्फ लाल होत गेला. शेवटी पट्ट्याने हाक मारली. माणसं धावत आली, तोवर सोंग खरं झालं होतं.

पट्टा पुसून त्यांनी तिच्या लेकीच्या गळ्यात बांधला. तिथे तो एक शब्द बोलत नाही.